अलास्का क्रूझ: स्वेटर कमी घ्या, रेनकोट चांगला घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून आई-बाबा अमेरिकेत मुलाकडे येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पक्की शाकाहारी, सोबत दहा वर्षांचा नातू, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ करायची आहे, तर नेमकं काय बघायला मिळतं, बॅगेत काय भरायचं, बाल्कनी घ्यावी का आणि जेवणाचं कसं. मी सिएटलजवळ राहते आणि मराठी कुटुंबांच्या अशा ट्रिपा आखून देणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

कपड्यांच्या आधी व्हिसा. जहाज सिएटलहून निघणार, सिएटललाच परत येणार, मग कॅनडाचा काय संबंध असं सगळ्यांनाच वाटतं. संबंध असा की ही मोठी जहाजं जवळपास सगळी बहामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा परदेशी झेंड्याखाली चालतात, आणि १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांतून प्रवासी फिरवून परत आणता येत नाहीत, मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून तुमच्या कार्यक्रमात शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया नावाचं कॅनडातलं बंदर दिसेल, तीन-चार तासच थांबतं जहाज तिथे, पण त्या तीन-चार तासांसाठी आई-बाबांच्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा पाहिजे. आम्ही खाली उतरणारच नाही, केबिनमध्ये बसून राहू, हे चेक-इन काउंटरवर चालत नाही. तुम्ही एच-वनवर असाल तर तुम्हालाही तोच व्हिसा लागेल, ग्रीनकार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. तुमचा दहा वर्षांचा मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर त्याचा पासपोर्ट घ्या, नुसत्या जन्मदाखल्यावर भागवू नका. आणि आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघून घ्या, कारण व्हिक्टोरियाहून परत येताना ती नवी एंट्री धरली जाते. कॅनडाच्या व्हिसाला बायोमेट्रिक्स, अपॉइंटमेंट वगैरे सगळं आलं, तेव्हा क्रूझ बुक करण्याआधीच, ते जमलं नाही तर निदान त्याच आठवड्यात अर्ज टाका.

आता मुख्य गोष्ट. अलास्का म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर बर्फ येतो आणि मग बॅगेत लोकरीचे जाडजूड स्वेटर, सिमल्याला घेतलेली शाल, मनालीला घेतलेला ओव्हरकोट आणि मावशीने विणलेला मफलर, झालं, बॅग भरली. पण ही क्रूझ जाते ती अलास्काच्या आग्नेय पट्ट्यातून, तिथे समुद्राकाठी जूनमध्ये दिवसा साधारण १२ ते १८ डिग्री असतं, बर्फ डोंगरमाथ्यावर आणि ग्लेशियरमध्ये, रस्त्यावर नाही. रस्त्यावर असतो पाऊस. केचिकानला, म्हणजे वाटेतल्या एका बंदराच्या गावी, वर्षाला साधारण ३,८०० मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच, पण महाबळेश्वरचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि यांचा बाराही महिने झिरपत राहतो. आजूबाजूचं टोंगास जंगल, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, ते त्याच पावसावर उभं आहे. तर डोक्यात चित्र ठेवायचं ते जुलैतल्या महाबळेश्वरचं, फक्त आणखी थंड आणि वर समुद्राचा वारा. तिथे ओला झालेला लोकरी स्वेटर घालून कोण फिरेल? मे-जून त्यातल्या त्यात कोरडे महिने आहेत, पुढे ऑगस्ट-सप्टेंबरला पाऊस वाढत जातो, त्यामुळे तारखा चांगल्या निवडल्यात, पण सात दिवसांत दोन-तीन दिवस ओले गेले तर नशिबाला दोष देऊ नका, ते हिशोबातच धरा.

म्हणून सगळ्यात जास्त पैसे सगळ्यात बाहेरच्या थरावर घालवा. प्रत्येकाला एक खराखुरा वॉटरप्रूफ जॅकेट, टोपीवाला, शिवणी आतून सील केलेला, मागे जरासा लांब, आणि एक साईज मोठा म्हणजे खाली दोन थर मावतील. लेबलवर नुसतं वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असेल तर ते भुरभुर पावसापुरतं, अर्ध्या तासात खांदे ओले होतात. पुण्यात डेकॅथलॉनला ट्रेकिंगच्या सेक्शनमध्ये चांगले मिळतात, इथे घ्यायचे तर कॉस्टकोमध्ये वसंतात येतात. स्कूटरवरचा रेनकोट आणू नका, आतून घाम येऊन माणूस तसाही भिजतो. पोंचो तर वाऱ्यावर तोंडावर येतो. छत्री घरीच ठेवा, डेकवर उलटी होते आणि गावात तुम्ही एकटेच छत्रीवाले दिसाल, तिथली माणसं टोपी ओढतात आणि चालू लागतात.

त्याच्या खाली एक फ्लीस किंवा हलकं पफर जॅकेट, आणि अंगालगत पातळ थर्मल, युनिक्लोचं हीटटेक आई-बाबांना बरं पडतं, टोचत नाही आणि पंजाबी ड्रेसच्या आत दिसतही नाही. थर्मलचे दोन जोड पुरे, रात्री धुवून वाळतात. वरचे टीशर्ट-कुर्ते नेहमीचेच, कारण जहाजाच्या आत चांगलं गरम असतं आणि डायनिंग रूममध्ये जाड स्वेटर घालून बसलं तर घाम फुटतो. जीन्स एक ठीक आहे, घालून या, पण ती एकदा भिजली की दिवसभर अंगाला चिकटून गार पडते, त्यामुळे बंदरावरच्या दिवसांसाठी पटकन वाळणाऱ्या ट्रेकिंग पँटी. वरून घालायची रेनपँट लोक टाळतात पण व्हेल बघायला बोटीच्या उघड्या भागात उभं राहायचं असेल तर तिच्यासारखं सुख नाही, सलवारीवरूनही चढते. कानावर येणारी टोपी, माकडटोपी असेल तर बिनधास्त आणा, फोटोत कशी दिसते ते जाऊ द्या, ग्लेशियरच्या वाऱ्यात तिला तोड नाही. पातळ हातमोजे, म्हणजे फोन वापरता येईल असे. लोकरी मोजे तीन-चार जोड, सुती मोजे नकोत. आणि बूट, हा मुद्दा बाबांच्या गुडघ्यांमुळे महत्त्वाचा, जाळीचे स्पोर्ट शूज पहिल्याच डबक्यात ओले होतात आणि केबिनमध्ये सकाळपर्यंत वाळत नाहीत, त्यामुळे एक वॉटरप्रूफ चालायचा बूट, चांगल्या पकडीचा, महिनाभर आधीच घालून पायाला सवय केलेला. दुसरा जोड जहाजावरच्यासाठी साधा. लाकडी फळ्यांचे रस्ते पावसात निसरडे असतात, बाबा घडीची काठी वापरत असतील तर ती आणाच.

आईंनी साडी आणावी का, हा प्रश्न दरवेळी असतोच, तर हो, एक आणावी, फॉर्मल नाईटला. जहाजावरचा फोटोग्राफर धावत येतो आणि बाबांचा एखादा चांगला कुर्ता किंवा ब्लेझर पुरतो, टायचा आग्रह आता फारसा कुठे नाही. पण डेकवर नको, वाऱ्यात पदर सांभाळण्यातच ग्लेशियर निघून जातो.

बाकी लहानसहान: स्विमिंगचे कपडे, हो, अलास्कात, कारण गरम पाण्याच्या टबमध्ये बसून बर्फाचे डोंगर बघणं मुलाला सगळ्यात जास्त आवडणार आहे हे आत्ताच लिहून देते. गॉगल आणि सनस्क्रीन, पाण्यावरून आणि बर्फावरून ऊन परावर्तित होतं. झोपताना डोळ्यावर बांधायची पट्टी, कारण जूनमध्ये जुनो या बंदरावर पहाटे चारच्या आत उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. लोहचुंबकाचे हुक, केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, ओले जॅकेट त्यावर टांगता येतात, बाथरूममधल्या एका दोरीवर पाच जणांचं भागत नाही. पाण्याची बाटली, छोटी पाठपिशवी, फोन-पासपोर्टसाठी दोन-चार झिपलॉक पिशव्या, फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते म्हणून पॉवर बँक.

आणि दुर्बीण. कृपा करून दुर्बीण घ्या, आणि एक नाही, दोन घ्या, एका दुर्बिणीवरून कुटुंबात भांडणं होतात हे मी पाहिलेलं आहे. ८ बाय ४२ अशी लिहिलेली बघा. दुकानदार दहा-बारा पटीची गळ्यात मारतो, पण चालत्या जहाजावर हात हलतो आणि जितकी पट जास्त तितकं चित्र थरथरतं, आठवर थांबायचं. डोंगराच्या काळ्या कड्यावर पांढरा ठिपका दिसतो, दुर्बीण लावली की ती डोंगरबकरी असते, बर्फाच्या तरंगत्या तुकड्यावर काळी रेघ दिसते ती सील असते. नुसत्या डोळ्यांनी अर्धं अलास्का हातचं जातं.

आणायचं नाही ते पण सांगते. इलेक्ट्रिक किटली, ट्रॅव्हल कुकर, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन, मेणबत्ती, उदबत्ती, यातलं काहीही स्कॅनिंगमध्ये सापडलं की काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. खोलीत मॅगी आणि चहा करायचा बेत असेल तर तो सोडून द्या, बफेमध्ये गरम पाणी जवळजवळ चोवीस तास असतं, आई-बाबांसाठी थर्मास आणा, चहा मसाला आणि टी बॅग आणा, झालं काम. प्लग अमेरिकन, ११० व्होल्टचे, आई-बाबांच्या भारतातल्या चार्जरला ॲडाप्टर लागेल.

खाण्याचं आलंच आहे तर. बुकिंग झालं की लगेच क्रूझ कंपनीला शाकाहारी, अंडं चालतं की नाही, जैन असेल तर तसं, हे लेखी कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूममध्ये हेडवेटरला भेटून परत एकदा सांगा, त्याशिवाय कळवलेलं कागदावरच राहतं. खरी किल्ली अशी की उद्या रात्री काय पाहिजे ते आज रात्रीच सांगायचं, मग भारतीय आचाऱ्याकडून डाळ, पनीर, एखादी सुकी भाजी, रोटी असं वेगळं करून येतं. या जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची पुष्कळ मुलं काम करतात, नावाच्या बिल्ल्यावर देशाचं नावही असतं, आईंनी एकदा कोकणी-मराठीत विचारपूस केली की पुढचा आठवडा जेवणाची काळजी नाही, फक्त त्या पोरांचं काम भरपूर असतं हे लक्षात ठेवून मागावं. चव मात्र मिळमिळीत असणार, त्याला इलाज म्हणजे शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणच्याची पाकिटं. दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात, घरचा डबा बऱ्याच कंपन्या आत नेऊ देत नाहीत, आणि बंदरावर उतरताना फळं वगैरे बाहेर नेता येत नाहीत, बफेमधलं केळं पर्समध्ये टाकायची सवय जहाजातच ठेवायची.

आता केबिन. पाच माणसं म्हणजे दोन केबिन, आणि माझा ठरलेला सल्ला असा की आई-बाबांना बाल्कनीची आणि तुम्हा तिघांना समोरासमोरची, आतली, बिनखिडकीची. पैसे खूप वाचतात आणि बाल्कनी सगळ्यांचीच होते. आई-बाबांना बाल्कनी का, तर पहाटे साडेचारला जाग आली की शाल घेऊन बाहेर बसता येतं, गर्दीत उभं राहावं लागत नाही, गुडघे दुखले की मागे पलंग आहे. पण बाल्कनी म्हणजे सगळं नव्हे, एकच बाजू दिसते आणि व्हेल कायम दुसऱ्या बाजूला निघतो. तरुण माणसाने बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा उघड्या डेकवर उभं राहावं आणि ते पैसे व्हेलच्या बोटीवर घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. जागा निवडताना जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्याकडची, लिफ्टजवळची, तिथे हलणं कमी जाणवतं.

हलण्याचं खरं सांगायचं तर आतल्या बेटांमधल्या वाटेवर पाणी तळ्यासारखं शांत असतं, पण सिएटलहून निघालेली जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे पहिली रात्र-दुसरा दिवस आणि परतीचा एक दिवस थोडं डोलणार. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटाच्या आतल्या बाजूने जातात, तिथे हा त्रास कमी, पण मग कॅनडाच्या विमानाचं आलं. पोट बिघडण्याआधी गोळी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही, एव्होमिन पुण्यात मिळतं, इथे मेक्लिझिन मिळतं, बाबांची बीपी-शुगरची औषधं असतील तर त्यांच्या डॉक्टरला विचारूनच. आलेपाक जरूर आणा, सीलबंद. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल डॉलरमध्ये आणि जड असतं, आणि आई-बाबांचा अमेरिकेसाठी घेतलेला इन्शुरन्स समुद्रावर आणि कॅनडात चालतो का, हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर तो खर्च त्यात बसतो का, हे पॉलिसी उघडून वाचा. ही बंदरं छोटी आहेत, मोठं काही झालं तर पेशंटला विमानाने सिएटललाच आणतात.

ग्लेशियरचा दिवस. क्रूझ निवडताना बाकी काही बघू नका, हे एक बघा की ती ग्लेशियर बे नॅशनल पार्कात जाते का. तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना सोडतात आणि परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन यांच्या बऱ्याच फेऱ्या तिथे जातात. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवरून सांगत राहतात, ते ऐका, फार छान सांगतात. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसं इथे आली तेव्हा खाडीच नव्हती म्हणा ना, तोंडापासून थोडंसं आत बर्फाची भिंत होती, आज तीच खाडी ६५ मैल आतपर्यंत जाते आणि शेवटाला मार्जरी ग्लेशियर उभा असतो, एवढा बर्फ अडीचशे वर्षांच्या आत मागे गेला. बर्फ निळा दिसतो तो फिल्टर लावल्यामुळे नाही, शेकडो वर्षं दाबला जाऊन त्यातली हवा गेलेली असते आणि दाट बर्फ लाल रंग शोषून निळा तेवढा सोडतो. कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आवाज उशिरा पोचतो, आवाज ऐकून मान वळवलीत तर पाहायचं राहून गेलेलं असतं, म्हणून गप्पा मारत नाही, एकाच कड्याकडे नजर ठेवून उभं राहायचं. बारीक तुकडे घरंगळायला लागले की कॅमेरा वर. जहाज तिथे सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दिसतं, बाल्कनी कुठल्या बाजूची यावरून डोकं पिकवू नका.

आणि हाच दिवस सगळ्यात थंड. ग्लेशियरवरून गार हवा घसरत खाली येते, थर्मल, फ्लीस, जॅकेट, माकडटोपी, सगळं एकदम चढवायचा हा दिवस. पहाटे सहाला पुढच्या डेकवर जा, नाश्ता नंतर. तुमच्या क्रूझमध्ये ग्लेशियर बे नसेल तर एंडिकॉट आर्म नावाची अरुंद खाडी किंवा हबार्ड ग्लेशियर असेल, तेही सुंदर आहेत, हबार्डची भिंत तर सहा मैल रुंद आहे. शेजारच्या ट्रेसी आर्म खाडीचं नाव जुन्या माहितीत खूप सापडेल पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्रचंड दरड कोसळून त्सुनामी आली आणि त्यानंतर क्रूझ कंपन्यांनी तिकडचा रस्ता बदलून एंडिकॉट घेतला, त्यामुळे तुमच्या कार्यक्रमात नेमकं काय लिहिलंय ते ताजं बघा. धुकं किंवा तरंगता बर्फ जास्त असला तर कॅप्टन मध्येच जहाज वळवतो, त्यावर पैसे परत मागून उपयोग नसतो.

बंदरांपैकी जुनोला सगळ्यात जास्त पैसे घालवा. अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही, बोट नाही तर विमान. ऑक बे नावाच्या धक्क्यावरून व्हेल बघायच्या बोटी सुटतात, तीन तासांच्या आसपास, आत हीटर आणि टॉयलेट असलेल्या, त्यामुळे आई-बाबांना काही त्रास नाही, माणशी साधारण दीडशे ते दोनशे डॉलर धरा. हे हम्पबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात, तिथे जवळपास काहीच खात नाहीत आणि उन्हाळाभर इथे येऊन पोट भरतात, म्हणून जूनमध्ये ते दिसतातच म्हटलं तरी चालेल. बोटीला शंभर यार्डांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा बाजूला येऊन टाळी देईल अशी अपेक्षा नको, आधी पाण्याचा फवारा, मग काळी पाठ, मग शेपूट, आणि शेपूट वर आली की आता पाच-सात मिनिटं खाली गेला असं समजायचं. मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून बारा-तेरा मैलांवर, धबधब्यापर्यंतची वाट बहुतांशी सपाट आहे, बाबा अर्धी चालले तरी ग्लेशियर दिसतो. हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरणं चारशे डॉलरच्या वर जातं आणि ढग आले की रद्द होतं, जमत असेल तर जरूर करा, नसेल तर हळहळ नको. गर्दीचं मात्र सांगते, गाव जेमतेम ३२,००० वस्तीचं आणि एका दिवशी पाच मोठी जहाजं येऊ शकतात, तुमच्या तारखेला किती आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात दिसतं, त्यानुसार सकाळचं बुकिंग घ्या.

स्कॅगवेला धक्क्याजवळूनच व्हाइट पासची रेल्वे सुटते, १८९८ च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली, अरुंद रुळांची, वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. आई-बाबांसाठी याहून सोपं काही नाही, बसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं, जाताना डावी बाजू पकडा. फक्त तिथून बसने युकॉनमध्ये जाणाऱ्या टूर घेतल्या तर परत कॅनडाची हद्द लागते, कागदपत्रं खिशात पाहिजेत. केचिकानला क्रीक स्ट्रीटवर पाण्यावरच्या फळ्यांवरून फिरा, टोटेम खांब बघायला टोटेम बाइटला जा. आपली वडीलधारी मंडळी टोटेमपुढे हात जोडतात, जोडू देत, पण नातवाला सांगा की ते देव नाहीत, क्लिंगिट आणि हायडा या तिथल्या मूळ लोकांच्या घराण्यांच्या गोष्टी आहेत, कोरलेल्या, गरुड कुठला आणि कावळा कुठला ते शोधायला लावा. नॉर्वेजियनची जहाजं बऱ्याचदा गावात न लागता सात मैलांवर वॉर्ड कोव्हला लागतात, शटल बसचा वेळ धरा. व्हिक्टोरियाला रात्री पोचतात, तोपर्यंत सगळे दमलेले असतात, नाही उतरलात तरी बिघडत नाही, व्हिसा काढायला लावून आता असं म्हणते, पण खरं आहे ते.

दिसणार नाही तेही ऐका: पेंग्विन नाहीत, ते दक्षिण गोलार्धात, पांढरी अस्वलं नाहीत, ती फार उत्तरेला, आणि नॉर्दर्न लाइट्स जूनमध्ये नाहीत, कारण आकाश पुरतं काळोखं होतच नाही. काळी-तपकिरी अस्वलं किनाऱ्यावर दुर्बिणीतून दिसू शकतात पण ती खरी गोळा होतात सॅल्मन नद्यांत चढायला लागल्यावर, जुलैच्या पुढे. गरुड मात्र इतके दिसतील की तिसऱ्या दिवशी कोणी मान वर करणार नाही.

पैशांचं पटकन: तिकिटात टिप नसते, रोज माणशी सोळा ते वीस डॉलर वेगळे, मुलाचेही. स्वतः बाहेरून घेतलेल्या टूर स्वस्त असतात पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही, जहाजाच्याच टूरला थांबतं, म्हणून आई-बाबा बरोबर असताना लांबच्या टूर जहाजाकडूनच. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे, जहाजाची वेळ धरायची, फोनची नाही. आणि आई-बाबांचे भारतातले फोन जहाजावर चढताक्षणी एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रावरचं नेटवर्क आपोआप पकडलं तर बिल बघून क्रूझपेक्षा जास्त चक्कर येते.

चढायच्या दिवशी बॅगा खाली देऊन टाकल्या की केबिनमध्ये संध्याकाळी येतात, तोवर औषधं, पासपोर्ट, एक जॅकेट आणि मुलाचे स्विमिंगचे कपडे हातातल्या पिशवीत पाहिजेत. शेवटच्या रात्री उलटं, बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅग बंद करू नका, दरवर्षी कोणी ना कोणी नाईट ड्रेस आणि सपातांवर सिएटलला उतरतं. बाबांना व्हीलचेअर लागणार असेल तर ती आधी कळवा, उतरायला वेळ लागतो, आणि परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.